पी. टी. उषा, हर्डल्स आणि माझी मुलगी: जाणकारांनी सांगावं

सायलीची आई (मिरज)

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. ४०० मीटर धावते, यंदा विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. आता तिचे सर म्हणतायत, हिला ४०० मीटर हर्डल्सला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला उतरवू. ती ऐकायलाच तयार नाही. "मी धावणारी आहे, उड्या मारणारी नाही," म्हणते. मी पी. टी. उषाचं नाव काढलं, तर फटकन म्हणाली, "ती चौथी आली ना?" पुढे मला बोलताच आलं नाही, कारण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पदक थोडक्यात हुकलं याच्यापलीकडे मलाही काही ठाऊक नाही. उषा पहिल्यापासून हर्डल्सच धावायची का? त्या चौथ्या नंबरानंतर तिचं काय झालं? मुलीला खरं तेच सांगायचंय, म्हणून विचारते.

चुन्याची रेघ

ताई, एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले. १९८४ मध्ये मी कॉलेजात होते आणि २०० मीटर धावत होते, त्यामुळे उषा हा माझ्या अगदी जवळचा विषय.

उषा मूळची १०० आणि २०० मीटरची. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला गेली तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती. १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये तिला याच दोन शर्यतींत रौप्य मिळालं. तिथे ४०० मीटर हर्डल्सचं सुवर्ण केरळच्याच एम. डी. वलसम्माने घेतलं होतं. उषाला हर्डल्सकडे वळवलं ते तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी, तेही त्यानंतर. म्हणजे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती उभी राहिली तेव्हा हा प्रकार तिला पुरती दोन वर्षंही जुना नव्हता. सायलीला हे नक्की सांगा. वेग आधी होता, हर्डल्स मागून आले.

आणि त्या उड्या नसतात हो! एका फेरीत दहा हर्डल्स, उंची ७६ सेंटिमीटर, दोघांमध्ये ३५ मीटर. उंच उडालात की वेळ हवेत जातो. धावता धावता एक पाऊल लांब टाकायचं, एवढंच. उंच उडणारी मुलगी मागे पडते, धावणारी पुढे जाते.

आता तो चौथा नंबर. बायकांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच ठेवली होती. उपांत्य फेरी उषाने ५५.५४ सेकंदांत जिंकली, अमेरिकेच्या ज्युडी ब्राउनला मागे टाकून. ८ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत एका मुलीकडून चुकीची सुरुवात झाली आणि सगळ्यांना परत बोलावलं. दुसऱ्या वेळी आपली लय तशी बसली नाही, असं उषाने पुढे सांगितलंय. मोरोक्कोची नवाल एल मुतावकेल ५४.६१ ला पहिली, ब्राउन ५५.२० ला दुसरी, रुमानियाची कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२.

सेकंदाचा शंभरावा भाग त्या वेगाला किती होतो, ते मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवायचे. सुमारे सात सेंटिमीटर. माझी चार बोटं आडवी धरली की झालं. जिल्हा स्पर्धेत मी अंतिम रेषेवर घड्याळ घेऊन बसायचे. आमच्या हातातल्या घड्याळांनी त्या दोघींना वेगळं काढणं शक्यच नव्हतं. ते काम फोटो-फिनिशचं, आणि त्यात डोकं, हात, पाय धरत नाहीत, धड रेषेवर कधी आलं ते बघतात. कोजोकारूने छाती पुढे टाकली, उषा सरळ अंगाने रेषेवर आली. त्यानंतर मी एकाही मुलीला शेवटच्या पावलाला छाती टाकायला शिकवल्याशिवाय स्पर्धेला पाठवलं नाही.

सोल ८६

बाईंच्या शर्यतीच्या माहितीत भर घालण्यासारखं काही नाही, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. लॉस एंजेलिसला सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी आले नव्हते, तेव्हा त्या चौथ्या नंबरावर सगळी कारकीर्द तोलू नये. तोलायची तर पुढच्या वर्षावर तोला. १९८५, जकार्ता, आशियाई अजिंक्यपद: १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ x ४०० रिले अशी पाच सुवर्णं, वर ४ x १०० रिलेचं कांस्य. प्राथमिक फेऱ्या धरून एकाच मुलीने काही दिवसांत किती वेळा स्पाइक्स बांधले असतील, विचार करा.

१९८६ च्या सोल आशियाडला मी सातवीत होतो. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, आम्ही दहा-बारा पोरं जमिनीवर बसून बघायचो. भारताला सगळी मिळून पाच सुवर्णं मिळाली. एक कर्तारसिंगचं कुस्तीत. उरलेल्या चारांतली तीन उषाची एकटीची आणि चौथं रिलेचं, ज्यात तीही होती. १०० मीटरला फिलिपाइन्सच्या लिडिया डी वेगाने तिला मागे टाकलं, तेव्हा आमच्यातला एकजण रडला होता.

१९८८ च्या ऑलिंपिकला ती टाचेच्या दुखापतीसह धावली आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. किती बोलले लोक तेव्हा! मला अजून राग येतो. दुसऱ्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई अजिंक्यपदात तिने पुन्हा चार सुवर्णं घेतली. लग्न झालं, मूल झालं, परत आली आणि १९९८ मध्ये जपानमधल्या फुकुओकाच्या आशियाई अजिंक्यपदात, चौतिसाव्या वर्षी, ४ x १०० रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती.

कोळिकोडहून

नोकरीमुळे सहा वर्षं इथे आहे. उषाचं पय्योळी इथून वर, वडकराच्या वाटेवर लागतं. समुद्र अगदी जवळ, आणि त्या किनाऱ्याच्या वाळूत ती सराव करायची. लॉस एंजेलिसच्या क्रीडाग्रामात तिथलं जेवण गेलं नाही, पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, असं तिने स्वतः सांगितलंय. आता तिची धावण्याची शाळा किनालूरला आहे. तिथे शिकलेली टिंटू लुका ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावली.

सायलीची आई (मिरज)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवलं. जकार्ताच्या पाच सुवर्णांपाशी तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच वाचायला लागली. बाई, तिचा एकच प्रश्न उरलाय: हर्डल्स घेतले की ४०० सोडावी लागेल का?

चुन्याची रेघ

अजिबात नाही. उषाने जकार्ताला आणि सोलला दोन्ही जिंकल्या. नुसती ४०० सोडू नका, हर्डल्सला लागणारा दम तिथूनच येतो. सुरुवात ठेंगण्या हर्डल्सवर करा, आणि पुढे कधी उजवा पाय, कधी डावा, दोन्हींनी ओलांडायची सवय लावा. सरांना विचारून पहिल्या हर्डलपर्यंतचं ४५ मीटर अंतर आखून घ्या आणि तिला पावलं मोजू द्या. दर वेळी तितकीच यायला हवीत.

आणि तिला २ ऑक्टोबर २०२३ ची हांगझोऊ आशियाडची प्राथमिक फेरी शोधून दाखवा. तमिळनाडूच्या विथ्या रामराजने उषाच्या राष्ट्रीय विक्रमाची तेव्हा बरोबरी केली. एकोणचाळीस वर्षांनी, बरोबर ५५.४२.

सायलीची आई (मिरज)

पाच वेळा मोजलं. चोवीस, चोवीस, पंचवीस, चोवीस, चोवीस. ती पंचविसावी कुठून आली म्हणून उद्या सहालाच मैदानावर जायचं म्हणतेय.