दिवेकर आडनाव: बेने इस्रायली दिवेकर आणि आम्ही एकच का?

दिवेकर_डोंबिवली

नमस्कार मंडळी, आडनाव दिवेकर, जन्म डोंबिवलीचा. घरात लहानपणापासून एवढंच ऐकलंय की आपण मूळचे "दिव्याचे". कुठलं दिवे ते कोणी कधी खोदून विचारलं नाही आणि मीही धरून चाललो की श्रीवर्धनकडचं दिवेआगर असणार, कारण आडनाव सांगितलं की समोरचा तेच म्हणतो.

गेल्या दिवाळीत बहीण अमेरिकेहून आली ती थुंकीवरून डीएनए बघायचं किट घेऊन आली, मी दिली नळी भरून आणि विसरून गेलो. रिझल्ट आला तेव्हा दूरच्या नातेवाईकांच्या यादीत एक बाई दिसल्या, आडनाव दिवेकर, राहणार अश्दोद, इस्रायल! मॅच फक्त १६ सेंटीमॉर्गनची (जुळणारा डीएनए मोजायचं माप) आहे पण मी थक्कच झालो. त्यांचा मेसेजही आला, चक्क मराठीत: "मी बेने इस्रायल. आमचे आजोबा मुंबईहून आले. तुम्ही आमचे भाऊबंद का?" बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू एवढंच मला माहीत. काय उत्तर देऊ तेच कळेना म्हणून चार दिवस तसाच ठेवलाय मेसेज.

आमच्याकडे देवघर, गणपती, कुळाचार सगळं आहे. मग आडनाव एकच कसं? खरंच रक्ताचं नातं असेल का? आणि चुलतभाऊ म्हणतो कोकणस्थ आणि ज्यू मुळात एकच, तसा फॉरवर्ड फिरतोय, त्यात काही तथ्य आहे का? जाणकारांनी सांगा प्लीज.

अष्टागरकर

दादा, आधी आडनावाचं बघू. आपल्या कोकणात "कर" म्हणजे पत्ता. ज्या गावात घर त्या गावाचा "कर", मग तो ब्राह्मण असो, कुणबी असो, कोळी असो की ज्यू. पारकर हिंदूही आहेत आणि कोकणी मुसलमानही आहेत, तसंच हे.

बेने इस्रायलांची आडनावं बघाल तर आमच्या कुलाबा जिल्ह्याचा (आताचा रायगड) नकाशाच आहे तो. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर, वाक्रूळचे वाक्रूळकर, आपट्याचे आपटेकर, चौलचे चेऊलकर आणि दिवेआगरचे दिवेकर. अशी शंभराच्या वर आडनावं आहेत. पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड माहीत असतील, त्यांचं आडनाव म्हणजे अलिबागजवळचं आमचं झिराड, फक्त "कर" गळालाय.

मी अलिबागचाच, इस्रायल आळीत देऊळ आहे त्यांचं, सिनेगॉग म्हणजे, तिथून रोज शाळेत जायचो. आमचे आजोबा त्यांना शनवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी बैल सोडलेला, घाणा बंद. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. गावाला ज्यू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, शनिवारी तेल मिळत नाही एवढंच माहीत होतं! नवगावला किनाऱ्याजवळ त्यांची जुनी दफनभूमी आहे, त्यांच्या पूर्वजांचं तारू फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचले ते तिथे लागले, बाकीच्यांची प्रेतं तिथेच पुरली अशी त्यांची परंपरा सांगते. कधी आलात तर जरूर बघा, मी घेऊन जाईन.

ठाण्याची_मावशी

मी स्वतः बेने इस्रायल, माहेरचं आडनाव चेऊलकर. दिवेकरबाबा, आधी त्या बाईंना उत्तर दे रे, चार दिवस वाट बघायला लावलीस. तिकडे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतलं कोणी मराठीत लिहितंय म्हणजे किती हौसेने लिहिलं असेल.

तुमचं आडनाव आमच्यात फार मानाचं आहे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवीला बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजे सॅम्युएल यहेज्केल दिवेकर. सामाजी, हसाजी ही आमची जुनी नावं, सॅम्युएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, ऐकून कोणाला वाटेल हे मावळातले सरदार. ते कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आले म्हणून नवस फेडला असं आमच्यात सांगतात. तिथल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे. आमची जुनी माणसं सिनेगॉग म्हणायची नाहीत, मशीदच म्हणायची, त्याला जुनी मशीद म्हणतात.

पण एक सांगते, आमच्यात आडनावावरून घराणं शोधणं कठीण जातं. पलटणीत किंवा शाळेत नाव घालताना गावचं आडनाव सोडलं आणि बापाचं, आजाचं नावच आडनाव झालं, म्हणून एवढे मोझेस, सॅम्युएल, डेव्हिड, रूबेन दिसतात. माझ्या आजोबांच्या पलटणीच्या कागदावर चेऊलकर कुठेच नाही. आणि आजीच्या पितळी डब्याच्या झाकणावर मात्र टिंबाटिंबांनी कोरलंय, "चेऊलकर". तो डबा माझ्याकडे आहे. नव्या वर्षाला चिकाचा हलवा करते ना, गहू भिजवून वाटून चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात आटवायचा, तूप-दूध नाही घालायचं कारण मटणाच्या जेवणावर दूध चालत नाही आम्हाला, त्याच्या वड्या त्याच डब्यात ठेवते.

गुणसूत्र_७

मी जनुकशास्त्र शिकवतो म्हणून डीएनएपुरतं लिहितो.

१६ सेंटीमॉर्गन म्हणजे फार कमी. आईबाप आणि मूल यांच्यात साधारण ३४००, सख्ख्या चुलत भावंडांत साडेआठशेच्या आसपास निघतात. १६ चा तुकडा आठ-दहा पिढ्यांमागचा असू शकतो, आणि पिढ्यानपिढ्या आपापसात लग्नं होणाऱ्या समाजात असे लहान तुकडे कितीतरी लोकांत सारखे निघतात. म्हणजे खोटं नाही, पण यावरून भाऊबंद म्हणता येणार नाही. मुख्य म्हणजे हा तुकडा वडिलांकडून आला की आईकडून हे नुसत्या यादीवरून कळत नाही, आणि आडनाव सारखं दिसलं की आपण गृहीत धरतो की बापाकडूनच. तिथेच फसगत होते.

बेने इस्रायलांवर २०१६ मध्ये चांगला अभ्यास आला होता, १८ जणांचे नमुने. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वंश आणि स्थानिक भारतीय वंश दोन्ही भरपूर निघाले, सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांमागची, म्हणजे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची. आणि बापांच्या बाजूने ज्यू वाटा जास्त, आयांच्या बाजूने स्थानिक जास्त. ही तारीख सरमिसळीची आहे, येण्याची नाही, लोक दोन्हीत गल्लत करतात. चौल तेव्हा मोठं बंदर होतं, दहाव्या शतकात मसुदी नावाचा अरब प्रवासी तिथे येऊन गेला, आणि सिराफ, ओमान, बसऱ्याहून आलेले मुसलमान तिथे वस्ती करून आहेत असं लिहून गेला. त्या गर्दीत पश्चिमेकडून येणारं जाणारं कोण नसेल.

तुम्हाला खरंच आडनावाचा छडा लावायचा असेल तर वाय गुणसूत्राची टेस्ट करा, ते आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. त्या बाईंच्या भावाची किंवा वडिलांची करावी लागेल, त्यांची स्वतःची चालणार नाही.

कोकणस्थ_पुणे

पण चिपळूणला परशुरामाने समुद्रातून लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली आणि त्यांचे कोकणस्थ झाले ती गोष्ट आणि सात जोडप्यांची गोष्ट, चौदाचा आकडाही तोच! हा योगायोग कसा?

गुणसूत्र_७

@कोकणस्थ_पुणे, गोष्टी शेजाऱ्यांच्या एकमेकांत मिसळतात, एकाच किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिल्यावर मिसळणारच. त्यावरून वंश एक ठरत नाही. फॉरवर्डात गोष्टीचं साम्य, घारे डोळे आणि गोरा रंग एवढाच पुरावा असतो, आणि गोरा रंग, घारे डोळे कोकणस्थांखेरीज कितीतरी लोकांत आहेत.

ठाण्याची_मावशी

बरोबर बोललात. आणि आमचं ज्यू असणं आम्हाला एकदा सिद्ध करावं लागलंय म्हणून हा विषय आला की मला लागतं. इस्रायलमध्ये साठच्या दशकात आमच्या मुलामुलींची लग्नं लावायला तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अडवायचे, आधी आईची, आजीची वंशावळ दाखवा म्हणायचे. आमच्या लोकांनी निदर्शनं केली तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत. माझी मावशी त्या निदर्शनात होती, नऊवारी नेसून. म्हणून कोणी रक्ताचे टक्के मोजायला लागलं की मी म्हणते शनिवार कोणी पाळला ते बघा.

अष्टागरकर

आता इथे उरलेत किती मावशी, सगळे मिळून पाच हजाराच्या आत. तिकडे साठ हजाराच्या वर. १९४८ च्या सुमाराला इथे वीस हजार होते. आमच्या आळीत आता दोन-तीनच घरं.

दिवेकर_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल साताऱ्याच्या आत्याला फोन केला, ८४ वर्षांची आहे, तिला सगळं पाठ. म्हणाली, "अरे वेड्या, आपलं दिवे म्हणजे सासवडजवळचं, दिवे घाटातलं. कुलदैवत जेजुरी आहे की नाही आपलं? दिवेआगरचा आणि आपला काय संबंध?" म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं गाव सांगत होतो लोकांना! आडनाव एक पण गावंच दोन.

पुढे तीच म्हणाली की माझ्या आईची आजी चौलजवळच्या रेवदंड्याची, माहेरचं आडनाव तिला आठवत नाही, खाऱ्या पाण्याकाठची बाई म्हणून घरात तिला खाडीवाली म्हणायचे. मॅच तिकडून आली असेल का? मामांना विचारतोय, त्यांनी टेस्टला होकार दिलाय.

त्या बाईंना काल रात्री उत्तर लिहिलं आणि या धाग्याची लिंकही दिली.

अश्दोदहून

शालोम आणि नमस्कार. मीच ती दिवेकर. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला. आमचे आजोबा नक्की दिवेआगरचे, सुपारीच्या वाड्या आणि वाळूत केवडा असं ते सांगायचे. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, वडील आता नाहीत, पण काकांचा मुलगा बीरशेबाला आहे, तो टेस्ट देईल म्हणाला. गाव दुसरं निघालं तरी भाऊ, मेसेज बंद करू नका. आणि अष्टागरकर, तुम्ही कधी दिवेआगरला गेलात तर एसटी स्टँडवर गावाच्या नावाची मराठी पाटी असेल तिचा फोटो पाठवाल का, घरात लावायचाय.

अष्टागरकर

ताई, रविवारी मुरुडला पुतण्याकडे जाणार आहे, तिथून आगरदांड्याची जेटी पकडून दिघीला उतरलो की दिवेआगर जवळ. फोटो काढतो. केवड्याचाही.