मदत हवी आहे: भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बहिणीला कितपत जपायचं?

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे, सहा वर्षं झाली, औषधं चालू आहेत आणि आता बराच सावरलाय. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे, ती १९ वर्षांची आहे, आणि आई तिला कसलाच ताण द्यायला तयार नाही, परीक्षा नको, हॉस्टेल नको, काहीच नको.

मी वाचलंय त्यावरून, सर्वसाधारण लोकांत हा आजार साधारण १ टक्का लोकांना होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर धोका ९-१० टक्क्यांच्या आसपास जातो. पण एकसारख्या जुळ्यांमध्ये, म्हणजे अगदी सारखे जीन्स असणाऱ्यांमध्येसुद्धा, एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्याहून जास्त वेळा होत नाही! १९७७ मध्ये झुबिन आणि स्प्रिंग या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की प्रत्येकाची ताण सोसायची मर्यादा वेगळी असते, ती ओलांडली की आजार उफाळतो. हे पटतं, कारण दादाचं पण नोकरी गेली, झोप उडाली आणि मग सगळं सुरू झालं, अर्थात झोप उडणं ही आजाराची सुरुवातच असेल तर काय कारण आणि काय परिणाम कोण सांगणार.

गांजापासून लांब राहायचं हे तिला स्पष्ट सांगितलंय. घरातली सततची टीका, आरडाओरडा वाईट हेही कळतं. पण रोजचा अभ्यासाचा ताणसुद्धा टाळायचा का? मला तर वाटतं असं कोंडून ठेवणं हाच तिला मोठा ताण आहे, हल्ली ती घरात बोलतच नाही.

कुणाच्या घरी असं आहे का? भावंडांसाठी आधीच सायकियाट्रिस्टला भेटलात का, आणि आईला कसं समजावलंत? प्लीज सांगा.