दोन नोकऱ्यांच्या विम्यांमधल्या तीन महिन्यांत गरोदरपणाचा विचार: कोब्रा की मार्केटप्लेस? (अमेरिका)

प्रश्न
माझी नोकरी ३० सप्टेंबरला संपतेय आणि विमाही त्याच दिवशी. नवी नोकरी ३ नोव्हेंबरपासून, पण तिथला विमा ६० दिवसांनी, म्हणजे जानेवारीत लागू होईल. नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, तोही माझ्याच प्लॅनवर आहे. बाळासाठी आताच प्रयत्न सुरू करायचेत. यंदाचं डिडक्टिबल (विमा कंपनी खर्च देऊ लागण्याआधी वर्षभरात आपण भरायची रक्कम) पूर्ण भरून झालंय. कोब्राचा, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीचा विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायच्या कायदेशीर सोयीचा, हप्ता फार वाटतो. मधल्या काळात काय घ्यावं?

उत्तर १
डिडक्टिबल भरून झालंय हीच तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोब्रा म्हणजे तोच जुना प्लॅन पुढे चालू, त्यामुळे भरलेलं डिडक्टिबल मोजलं जातं. मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा वेबसाइटवरून स्वतः घ्यायचा, प्लॅन शून्यापासून सुरू होतो. कोब्रात कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के, म्हणून तो महाग दिसतो. पण दोघांनी घ्यायलाच हवा असं नाही. प्रत्येकाला स्वतंत्र निवड करता येते. तुम्ही एकटीने कोब्रा घ्या, नवऱ्यासाठी मार्केटप्लेसवर वेगळा प्लॅन बघा.

कोब्रा निवडायला त्याची नोटीस मिळाल्यापासून किंवा विमा संपल्यापासून, जे नंतर असेल तिथून, ६० दिवस मिळतात. पहिला हप्ता भरायला निवडीनंतर आणखी ४५. विमा मात्र मागे १ ऑक्टोबरपासूनच लागू होतो, आणि पैसेही तेव्हापासूनचे भरावे लागतात. म्हणून काही जण गरज पडेपर्यंत थांबतात. नोटीस १० ऑक्टोबरला आली तर मुदत ९ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर जानेवारीपर्यंतचे तीन आठवडे विम्याविना उघडे राहतात, तेव्हा ९ तारखेच्या आत निर्णय घ्याच. दुसरी अडचण अशी, की हप्ता जमा होईपर्यंत दवाखान्याच्या सिस्टीममध्ये विमा बंद दिसतो. ते आधी पैसे मागतात, क्लेम नंतर दुरुस्त होतो. फॉर्म आणि चेक पोस्टाने पाठवलात तर पोस्टाच्या शिक्क्याची पावती जपून ठेवा. एक दिवस उशीर झाला तरी हक्क जातो.

हे २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू. त्याहून लहान असेल तर राज्याचा नियम पाहा.

उत्तर २
मार्केटप्लेसबद्दल थोडं. विमा गेला की आधीचे आणि नंतरचे ६०-६० दिवस नाव नोंदवता येतं, पण विमा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागतो, मागून नाही. १ ऑक्टोबरला हवा असेल तर ३० सप्टेंबरच्या आत प्लॅन निवडा. २० ऑक्टोबरला निवडलात तर ऑक्टोबर रिकामा गेला.

आणि 'दिवस राहिले की घेऊ' असं ठरवू नका. हेल्थकेअर.गव्ह ही केंद्र सरकारची मार्केटप्लेस वेबसाइट वापरणाऱ्या राज्यांत नुसतं गरोदर राहिल्याने नोंदणी उघडत नाही, बाळ जन्मल्यावर उघडते. न्यूयॉर्क, मेरीलँड, कनेक्टिकट अशा काही राज्यांत गरोदरपणावरही मिळते. नोंदणीची ही ६० दिवसांची मुदत संपल्यावर कोब्रा आपणहून सोडला तरी मार्केटप्लेसची नोंदणी उघडत नाही, पुढच्या वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते.

शॉर्ट टर्म (थोड्या काळापुरत्या) प्लॅनचा स्वस्त हप्ता पाहून भुलू नका, हे मनापासून सांगते. त्यांना मॅटर्निटी द्यायची सक्ती नाही आणि सहसा ते ती देतही नाहीत. आधीचे आजारही वगळतात.

प्रश्नकर्ती
जानेवारीत नवा विमा लागेल तेव्हा मी गरोदर असेन तर? नकार देतील का?

उत्तर १
नाही. नोकरीतला ग्रुप प्लॅन गरोदरपणाला आधीचा आजार मानू शकत नाही. दगा होतो तो डॉक्टरच्या नेटवर्कवर, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या यादीवर. नव्या कंपनीकडून आताच प्लॅनची माहिती मागवा आणि डॉक्टर व प्रसूतीचं हॉस्पिटल दोन्ही नेटवर्कमध्ये आहेत का ते वेगवेगळं विचारा. बरेच डॉक्टर तपासण्या आणि प्रसूती यांचं एकच पॅकेज बिल लावतात. मध्येच विमा बदलला तर ते तोडून दोन कंपन्यांकडे पाठवावं लागतं, म्हणून बिलिंगवाल्यांना बदलाची तारीख आधीच कळवा.

उत्तर ३
सुट्टीचंही बघा. फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याची १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळायला त्याच कंपनीत १२ महिने आणि १,२५० तास काम झालेलं लागतं. शिवाय ७५ मैलांच्या परिसरात तिचे किमान ५० कर्मचारी हवेत. नोव्हेंबरमध्ये रुजू झालात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये प्रसूती झाली तर ती रजा बसत नाही. ऑफर लेटरवर सही करण्याआधी कंपनीची स्वतःची मॅटर्निटी रजा लेखी विचारून घ्या. बाळाचं नाव कंपनीच्या विम्यात ३० दिवसांच्या आत घाला, मग विमा जन्मतारखेपासून लागतो.