फेस (मोरोक्को) : चार दिवस, चार माणसं, एक दुखरा गुडघा. आखणी कशी करावी?

ऱ्हाइनकाठी

२०२६ मध्ये असेन्शनची सुट्टी १४ मेला, गुरुवारी येतेय. शुक्रवारची रजा टाकून फ्रँकफुर्टहून फेसला जायचा विचार आहे. गुरुवारी दुपारी पोचायचं, रविवारी रात्रीपर्यंत परत. आम्ही दोघं आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांचा एक गुडघा दुखरा आहे, सपाटीवर तासभर चालतात पण जिने-चढ बेतानेच. सासूबाई शाकाहारी, अंडंही खात नाहीत. चौघांचे पासपोर्ट भारतीय. आमच्याकडे जर्मनीचा वास्तव्य परवाना, त्यांच्याकडे शेंगेनचा पाहुणा व्हिसा.

"दहा ठिकाणं उरकली" असली सहल नकोय. जुन्या शहरात कुठे राहावं, कुठल्या दिवशी काय ठेवावं, आणि सासूबाईंच्या जेवणाचं काय, एवढं सांगा.

पायवाट

आधी व्हिसा. सासू-सासऱ्यांच्या व्हिसावर 'एंट्रीज'च्या रकान्यात 'मल्ट' (अनेक प्रवेश) आहे की '०१' (एकच प्रवेश), हे आजच बघा. '०१' असेल तर मोरोक्कोसाठी शेंगेनबाहेर पडलात की तो व्हिसा संपला, वैधतेची तारीख कितीही पुढची असो. तशा वेळी फेस सोडा आणि स्पेनमधलं ग्रानादा-कोर्दोबा करा, ते शेंगेनच्या आतच आहे. 'मल्ट' असेल तर मोरोक्कोच्या सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावर आधी पात्रता तपासा. परवाना किंवा व्हिसा अजून किती दिवस वैध हवा, याची अट असते आणि पाहुण्यांचा अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडतो. ई-व्हिसा एका प्रवेशाचा असतो आणि तो मिळायची मुदत कामाच्या दिवसांत मोजतात, म्हणून तीन आठवडे हाताशी ठेवा. चौघांच्या छापील प्रती घ्या. स्वस्त विमान कंपन्यांकडे ऑनलाइन चेक-इन झालं तरी युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना विमानतळावरच्या खिडकीवर कागद दाखवावे लागतात. ते राहिलं की थेट गेटवर थांबवतात.

आता शहर. जुनं फेस, म्हणजे फेस अल-बाली, खोलगट दरीत वसलंय. पश्चिमेचा बाब बू जलूद हा दरवाजा वर, करावियीन मशिदीचा भाग खाली. मध्ये तला कबीरा आणि तला सगीरा हे दोन मुख्य रस्ते, दोन्ही उताराचे. आत गाड्या नाहीत. माणसं, हातगाड्या आणि खेचरं. पण अगदी तळाशी र्सीफ चौकापर्यंत टॅक्सी येते, आणि हे बऱ्याच जणांना परत चढून आल्यावर कळतं. म्हणून उतरायचं पायी आणि वर यायचं टॅक्सीने. तुमच्या सासऱ्यांसाठी सगळी आखणी याच्याभोवती करा.

मुख्य फेरी अशी: बाब बू जलूदमधून आत (बाहेरून निळा, आतून हिरवा, दरवाजा १९१३ चा, म्हणजे इथल्या मानाने नवाच), लगेच बू इनानिया मदरसा. तो १३५० च्या दशकातला. बिगरमुस्लिमांना आत सोडतात, तिकीट २० दिऱ्हामच्या आसपास. समोरच्या भिंतीवर जलघड्याळाच्या खिडक्या दिसतात, यंत्र मात्र उरलेलं नाही. मग तला कबीराने खाली, नज्जारीन चौकात लाकूडकामाचं संग्रहालय, पुढे अत्तारीन मदरसा (१३२३ ते १३२५). करावियीनची स्थापना ८५९ ची सांगतात. आत मुस्लिमांनाच प्रवेश आहे, पण दार उघडं असेल तर उंबऱ्याबाहेरून अंगण दिसतं. शेवट सफारीन चौकात, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या आवाजात चहा, आणि तिथून दोन-चार मिनिटांवर र्सीफची टॅक्सी. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पण थांबत-थांबत तीन तास धरा. दगड गुळगुळीत असतात आणि खेचरांमुळे ओलेही, चपला नकोत. मागून "बालाक!" ऐकू आलं की भिंतीला लागा, लादलेलं खेचर वळसा घालत नाही.

राहायला बाथा चौक किंवा बाब बू जलूदजवळ. बुकिंगआधी रियादवाल्याला (रियाद म्हणजे मधल्या अंगणाभोवतीचं जुनं घर, आता पाहुण्यांसाठी) तीन गोष्टी विचारा: टॅक्सी थांबते तिथून किती मिनिटं चालायचं, गल्लीत पायऱ्या आहेत का, आणि तळमजल्यावर खोली मिळेल का. जुन्या घरांतले जिने अरुंद आणि पायऱ्या उंच-सखल. तळमजल्याची खोली अंगणाकडे उघडते, त्यामुळे उजेड कमी आणि सकाळी कपबशांचा आवाज, पण गुडघ्यासाठी तीच बरी. नाश्ता बहुतेक ठिकाणी गच्चीवर देतात, तो खाली अंगणात मागायचा. देतात.

डाळिंबी

खाण्याचं मी सांगते. "शाकाहारी" म्हटलं की तिथे ताटातलं मांस काढून देतात, रस्सा तोच राहतो. भाज्यांचा कुसकुस (वाफवलेल्या रव्याच्या बारीक कण्या) हा मुख्य सापळा. वर सात प्रकारच्या भाज्या दिसतात, पण त्या बहुधा मटणाच्या पाण्यात शिजलेल्या असतात आणि कुसकुसही त्याच भांड्यावर वाफवलेला. हरीरा सूपचंही तसंच, मसूर-हरभरे-टोमॅटो खरे, पण त्यात बऱ्याचदा मांसाचे बारीक तुकडे असतात आणि शेवटी कधी अंडंही फेटून घालतात. म्हणून "ब्ला लहम, ब्ला द्जाज" (मांस नको, कोंबडी नको) एवढ्यावर न थांबता रस्सा कशाचा आहे हे वेगळं विचारा. फ्रेंचमध्ये "साँ व्हियाँद, साँ बुयाँ, साँ अफ" (मांस नको, मांसाचा रस्सा नको, अंडं नको) असं कागदावर लिहून घ्या आणि तो दाखवा.

त्यातल्या त्यात निर्धोक: झालूक (भाजलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं), तक्तूका (भाजलेली सिमला मिरची आणि टोमॅटो), आणि बिसारा. बिसारा म्हणजे सोललेल्या सुक्या बाकल्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरं. पिठलं आवडणाऱ्याला तो परका वाटत नाही. पण तो सकाळचा पदार्थ, छोट्या टपऱ्यांवर दुपारपर्यंत संपतो. पांढरा घेवडा (लूबिया) आणि मसूर (अदस) मिळतात, तिथे मात्र रश्श्याचा प्रश्न पुन्हा विचारायचा. नाश्त्याला मसेमन (ताणून चौकोनी घडी घातलेली, तव्यावर भाजलेली), बघरीर (जाळीदार धिरडं) आणि रव्याचा हर्शा (जाडसर भाकरी). तिन्ही साधारणपणे अंड्याविना करतात, पण घरागणिक फरक असतो, विचारून घ्या. बस्तिला टाळा: वर पिठीसाखर-दालचिनी पाहून गोड वाटते, आत कबुतर किंवा कोंबडी आणि अंडं.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रियादमध्ये रात्रीचं जेवण सकाळीच सांगून ठेवणं. ते माणसांच्या हिशेबाने बाजार करतात, आणि भाज्यांचा ताजीन (मातीच्या झाकणाच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) नुसत्या पाण्या-तेलात वेगळा लावता येतो. ऐनवेळी सांगितलं तर नाही जमत.

जुना_नकाशा

वाराचं कोणी बोललं नाही अजून. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या सुमाराला जुन्या शहरातली बहुतेक दुकानं बंद होतात, आणि बरीच त्या दिवशी उघडतच नाहीत. गल्ल्या सुंदर रिकाम्या असतात, पण कारागिरी बघायला गेलात तर शटर बघून याल. पायवाट यांची फेरी शनिवारी ठेवा.

शुक्रवारी शहराबाहेर व्होलुबिलिस, म्हणजे रोमन शहराचे अवशेष. पूर्ण दिवसाची ग्रँड टॅक्सी (शहराबाहेर जाणारी मोठी टॅक्सी) आदल्या संध्याकाळी रियादमार्फत ठरवा: थांबण्याची वेळ, ठिकाणं आणि एकूण रक्कम तुम्ही, रियादवाला आणि चालक अशा तिघांच्या समोर बोलून. आठला निघालात तर साडेनऊच्या आसपास तिथे. काराकल्लाची कमान (इ.स. २१७) आणि घरांच्या जागीच राहिलेली मोझेक, हे दोन बघा. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे साडेअकरापर्यंत बाहेर पडायचं. जवळच्या मौले इद्रीस गावात मुख्य दर्गा बिगरमुस्लिमांना बंद आहे आणि गाव सगळं चढाचं, तुमच्यासाठी गाडीतून बघण्यापुरतं. येताना मेकनेस शहर, बाब मन्सूर दरवाज्यासमोर जेवण.

डाळिंबी

@जुना_नकाशा, वाराचं बरोबर, व्होलुबिलिसला माझा विरोध. जाऊन-येऊन तीन तास गाडी, वर उघड्या माळावर ओबडधोबड फरशी. "धावपळ नको" म्हणणाऱ्यांना हे का? शुक्रवारी फेस अल-जदीद करा. मरिनिद राजघराण्याने १२७६ मध्ये वसवलेला भाग, पुष्कळ सपाट. राजवाड्याचे पितळी दरवाजे बाहेरून (दरवाज्यांचे फोटो चालतात, पहारेकऱ्यांचे नाहीत), शेजारी मल्लाह, म्हणजे ज्यूंची जुनी वस्ती: तिथल्या घरांना रस्त्याकडे लाकडी सज्जे आहेत, जे मुस्लिम वस्तीत दिसत नाहीत. इब्न दानान सिनगॉग. मग जनान स्बील बागेत बाकावर बसणं. ही बाग सोमवारी बंद असते, तुमचा सोमवार नाहीच. संध्याकाळी टॅक्सीने मरिनिद थडग्यांच्या टेकडीवर. मध्य मेमध्ये सूर्यास्त सव्वाआठच्या सुमाराला, साडेसातला निघा. थडगी स्वतः पडकी आहेत, जायचं ते खालच्या शहरासाठी. अंधारात तिथून पायी उतरू नका, टॅक्सी थांबवून ठेवा.

जुना_नकाशा

गुडघ्याचा मुद्दा मान्य. तरुण दोघांनी व्होलुबिलिसला जावं आणि थोरल्यांनी बागेत, असंही होईल.

ऱ्हाइनकाठी

छान, व्हिसा 'मल्ट' आहे. अजून दोन: चामड्याचे कुंड बघण्यासारखे आहेत का, आणि वाटाड्या घ्यावा का? आणि १४ मे बकरी ईदच्या जवळ येतेय का?

जुना_नकाशा

ईद २७ मेच्या आसपास, चंद्रावर अवलंबून. तुमच्यावर परिणाम नाही. ईदच्या आठवड्यात गेला असतात तर दोन-तीन दिवस सगळं ठप्प मिळालं असतं.

शुवारा कुंड बघावेत, पण कसं ते आधी समजून घ्या. खाली उतरत नाहीत, भोवतीच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून बघतात. वर जाणारे जिने तीन-चार मजल्यांचे आणि अरुंद, म्हणजे सासरेबुवांनी खाली चहा घ्यावा. पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतराची विष्ठा: चुन्याने केस सुटतात, विष्ठेने कातडं मऊ पडतं. रंग पुढच्या कुंडांत. वास यातूनच, आणि ऊन चढेल तसा वाढतो, म्हणून सकाळी दहा-अकराला जा. हातात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरायची. गच्ची फुकट म्हणतात, पण खाली येताना विक्रीतून जावं लागतं. काही घ्यायचं नसेल तर १०-२० दिऱ्हाम ठेवून "ला, शुक्रान" म्हणून निघा. घ्यायचं असेल तर आतली बाजू नाकाशी धरा: नीट न धुतलेल्या चामड्याचा वास घरी आल्यावर वाढतो. पहिल्या सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याखालून बोलणी सुरू होतात.

वाटाड्या शनिवारी अर्ध्या दिवसाचा घ्या, परवानाधारक, गळ्यात सरकारी बिल्ला असलेला. ३००-४०० दिऱ्हामच्या घरात. "दुकानं नकोत" हे पैसे ठरवतानाच सांगा, कारण गालिच्याच्या दुकानातलं कमिशन त्याच्या फीपेक्षा मोठं असू शकतं. "हा रस्ता बंद आहे" म्हणत मागे लागणारा पोरगा वाटाड्या नसतो आणि रस्ताही बंद नसतो. छत घातलेल्या गल्ल्यांत मोबाइलचा ठिपका भरकटतो, अशा वेळी उताराच्या दिशेने चालत राहा आणि "र्सीफ?" विचारा.

पायवाट

टॅक्सीचं राहिलं. शहरातली लाल छोटी टॅक्सी ('पेती टॅक्सी') तीनच प्रवासी घेते. तुम्ही चौघं, म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या. प्रत्येक टॅक्सीत तुम्हा दोघांपैकी एक जण आणि ठिकाणाचं नाव लिहिलेला कागद असू द्या. मीटर लावायला सांगा, शहरात १० ते २५ दिऱ्हाममध्ये भागतं, रात्री आठनंतर मीटरच्या दीडपट. विमानतळ १५ किलोमीटरच्या आसपास बाहेर आहे, तिथे ग्रँड टॅक्सी लागते, १५० दिऱ्हाम धरा. ती चौघांना सामानासकट एकत्र नेते.

दिऱ्हाम तिथेच काढायचे. बाथा भागात बँकेची यंत्रं आहेत, यंत्राने "युरोत आकारू का?" विचारलं तर नाही म्हणा, दर वाईट लावतात. शनिवार-रविवारी ती रिकामीही होतात, म्हणून गुरुवारीच पुरेसे काढा, पन्नास-वीसच्या नोटांत मोडून.

मे महिन्यात मोरोक्कोचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे असतं. रविवारी परतीच्या विमानाची वेळ स्थानिक लिहिलेली असते, कुणाच्या तरी मनगटावर फ्रँकफुर्टची वेळ राहून गेलेली असते, आणि हमालाला बोलावण्यात गोंधळ होतो. चाकांच्या मोठ्या बॅगा गल्लीत चालत नाहीत. रियादवाल्याला आदल्या रात्री हातगाडीवाला सांगून ठेवा, ३०-४० दिऱ्हाम. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.