ताग कधी गाडायचा? आणि बियांचं औषध घ्यावं का?

काळीआई_कराड:
राम राम मंडळी. आडसाली उसाच्या आधी दीड एकरात हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवाच जमिनीत गाडून कुजवायला, ताग टाकलाय, आता छातीला लागलाय आणि तुरळक पिवळी फुलं दिसायला लागलीत. शेजारचे अण्णा म्हणतात अजून पंधरा दिवस ठेव, पाला वाढेल तेवढं खत जास्त. खरंय का? दुसरं म्हणजे आईला अंगावर खाज उठते तर कुणीतरी तिला तागाच्या बियांची पूड रोज घ्यायला सांगितलीय, रक्त शुद्ध होतं म्हणे. घ्यावी का?

बांधावरून:
दादा ठेवू नका, हीच वेळ आहे. पेरल्यापासून ४५-५० दिवस, फुलं लागायला सुरुवात झाली की गाडायचा. अण्णांचं पाल्याचं बरोबर आहे पण पुढं पाला कमी आणि काडीच जास्त वाढते, ती लवकर कुजत नाही, कुजताना जमिनीतलाच नत्र ओढून घेते आणि कोवळा ऊस पिवळा पडतो. एक काडी वाकवून बघा, कट्कन मोडली तर कोवळी आहे, मोडून सुद्धा सालीला लोंबकळत राहिली तर धागा धरलाय, मग रोटाव्हेटरच्या शाफ्टला असा गुंडाळतो की विळ्यानं कापत बसावं लागतं. एक झाड मुळासकट उपटा, गाठी नखानं फोडा, आत गुलाबी दिसलं की नत्राचं काम चालू आहे समजा. गाडल्यावर ओल पाहिजे, पाऊस नसेल तर पाणी द्या. आणि रानात पाणी साचत असेल तर पुढच्या वर्षी धैंचा टाका, ते पण हिरवळीच्या खताचंच पीक आहे, तागाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही.

जुनंखोड:
अण्णा थांबा म्हणतात ते दोरासाठी ताग करायचे त्या सवयीनं म्हणत असतील. तेव्हा फुलं संपून शेंगा धरल्यावरच कापायचा, पेंढ्या बांधून पाण्यात दगडाखाली दाबायच्या, साल सुटायला लागली की बाहेर काढून आपटून धुवायची. त्याचेच कासरे, दावी, मोटेचा नाडा. नायलॉननं बैलाची मान सोलवटते तशी तागाच्या दाव्यानं नाही सोलवटत, माझ्याकडं अजून गोठ्यात तागाचंच दावं आहे. पण तुम्हाला दोर वळायचा नाही, खत करायचंय, तेव्हा आत्ताच गाडा.

डॉ_वनस्पती:
मी बीएएमएस आहे. काळीआई, बियांची पूड आजच बंद करा, प्लीज. आयुर्वेदात ताग ‘शण’ या नावानं आहे, गावाकडं त्वचारोगावर बिया देतात हेही खरं, पण या बियांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात, ती यकृताला मारतात, आणि रोज थोडं थोडं घेतलं तर लगेच काही जाणवत नाही म्हणून जास्त भीती. आईंनी किती दिवस घेतलीय? भूक मंदावलीय, डोळे पिवळे दिसतात, पोट फुगलंय असं काही असेल तर थांबू नका, लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. खाजेसाठी त्वचारोगवाल्याला दाखवा, खरूज असली तर घरातल्या सगळ्यांना औषध लावावं लागतं. शेंगा धरलेला ताग जनावरांपुढं पण टाकू नका.

काळीआई_कराड:
डॉक्टर, आठवडाभर घेतलीय, भूक आहे, डोळे पण ठीक वाटतात तरी उद्या सकाळीच तपासणीला नेतो. पूड आत्ताच टाकून दिली. काडी मोडून बघितली, कट्कन मोडतीय. रोटाव्हेटरवाल्याला परवाचं सांगितलंय, अण्णांना दोराचं विचारलं तर म्हणाले हो, आम्ही त्यासाठीच करायचो.