तातडीने मदत हवी: पायथनचं सी एक्स्टेंशन मध्येच मरतंय

रात्रपाळी:
मंडळी, दोन दिवस डोकं आपटतोय. पायथनसाठी सीमध्ये छोटं मोड्यूल लिहिलंय, लिस्टमधल्या आकड्यांची सरासरी काढतं. चाचणीत मस्त चालतं, खरी फाइल दिली की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. तोही माझ्या फंक्शनमध्ये नाही. ते उत्तर देऊन मोकळं होतं, मग पुढे कुठेतरी आपटतं. उद्या दाखवायचंय. काय करू?

तिखटमीठ:
कोणतं पायथन? कोड कुठंय? ज्योतिष येत नाही इथे कुणाला.

जुनी_सायकल:
सी कशाला मुळात? आकडेमोडीची लायब्ररी नमपाय घ्या, एका ओळीचं काम. नाहीतर सरळ रस्ट शिका.

रात्रपाळी:
काका, सीच हवंय. 3.12, उबुंटू. लूपमध्ये पायलिस्ट_गेटआयटेम (लिस्टमधली वस्तू मिळवायला), मग पायलाँग_अ‍ॅजलाँग, मग पाय_डेकरेफ (वस्तूवरचा एक रेफरन्स, म्हणजे हक्क, सोडायला; शेवटचा सुटला की वस्तू मेमरीतून जाते). एवढंच. मेमरी लीक (वापरून झालेली मेमरी अडकून राहणं) नको म्हणून डेकरेफ आठवणीने टाकलाय.

कोरडा_चहा:
व्हॅलग्रिंडखाली चालवा, ते मेमरीच्या चुका पकडतं. आधी पायथनमॅलॉक=मॅलॉक ही सेटिंग ठेवा, म्हणजे पायथन सगळी मेमरी सीच्या नेहमीच्या मॅलॉककडून घेईल, नाहीतर 512 बाइटपर्यंतची मागणी पायथन स्वतःच्या साठ्यातून भागवतं आणि व्हॅलग्रिंडला धड काही कळत नाही.

जुनी_सायकल:
व्हॅलग्रिंड म्हणजे कासव. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावा, तेही मेमरीच्या चुका पकडतं.

कोरडा_चहा:
मग त्याची लायब्ररी प्रीलोड करावी (सगळ्यांच्या आधी चढवावी) लागते तेही सांगा की! अर्धवट सल्ले नकोत. आणि मॅलॉकची अट त्यालाही आहेच.

पाऊलवाट:
रॅम बदलून बघा. माझ्या जुन्या पीसीला हाच त्रास होता.

तिखटमीठ:
अहो, उत्तर त्याच्याच पोस्टमध्ये आहे. रात्रपाळी, तो डेकरेफ काढा. गेटआयटेम रेफरन्स उसना देतं. तुम्ही शेजाऱ्याचा कुकर आणलात आणि भंगारात घातलात. लिस्टला वाटतंय वस्तू जागेवर आहे. लिस्ट मोडताना ती मेलेल्यालाच पुन्हा डेकरेफ करते, म्हणून फॉल्ट उशिरा. चाचणीत आकडे कोणते होते?

रात्रपाळी:
10, 20, 30. फाइलमध्ये कांद्याचे क्विंटलचे भाव आहेत, 1450, 1820 वगैरे.

तिखटमीठ:
तरीच! -5 ते 256 हे आकडे पायथन तयारच ठेवतं, आणि 3.12 पासून ते अमर आहेत. कितीही डेकरेफ करा, ढिम्म हलत नाहीत. फाइलमधून वाचलेला 1450 मात्र नवा, त्याचा मालक फक्त तुमची लिस्ट.

जुनी_सायकल:
म्हणजे कांदा 256 वर आला की प्रोग्राम तरला. शेतकऱ्याचं काय ते बघा.

रात्रपाळी:
काढला, चाललं!! दुसऱ्या एका फंक्शनमध्ये पायलिस्ट_सेटआयटेमनंतरही डेकरेफ आहे. तिथे अजून काही झालेलं नाही, राहू देऊ?

तिखटमीठ:
नको! सेटआयटेम तुमचा रेफरन्स गिळून टाकतं, तिथलाही काढा. पायलिस्ट_अपेंड मात्र गिळत नाही, स्वतःचा वेगळा घेतं. तिथला काढलात तर खरोखर लीक होईल.

कोरडा_चहा:
तरी एकदा व्हॅलग्रिंड चालवाच.

पाऊलवाट:
रॅम बदलली का?