घोटा मुरगळून ९ दिवस झाले, सूज जात नाही, मदत हवी आहे

खादाड_भटक्या: मंडळी लवकर सांगा, रविवारी परत ट्रेक आहे, पैसे भरून बसलोय. राजगड उतरताना पाय मुरगळला, कट्ट आवाज आला, तसाच लंगडत गाडीपर्यंत आलो. सूज आहेच, वर आता बोटांपाशी काळंनिळं दिसतंय, तिथे तर लागलंही नव्हतं. क्रेप बँडेज आणि जेल चालू आहे. अजून काय लावू?

निशिगंध: पाऊल आत वळलं का बाहेर? दुखतंय नक्की कुठे? एक्सरे?

खादाड_भटक्या: आत. डावा. एक्सरे कशाला, चालतोय की.

माईचा_बटवा: आंबेहळद नि रक्तबोळ उगाळून गरम लेप लावा, आमच्या ह्यांचा ३ दिवसांत उतरला.

घाटवाट: लेपबिप सोड, हाडवैद्याकडे जा, एका झटक्यात बसवतो. माझा २ वेळा बसवलाय.

निशिगंध: २ वेळा म्हणजे परत मुरगळला ना! आणि बसवायचं काय? लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, ती ताणते नाहीतर फाटते, सायकलची चेन आहे का ती. मी ऐन सुजेत चोळून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी चप्पल चढेना. पहिले २-३ दिवस शेक, मालिश काही नको, फडक्यात बर्फ १५-२० मिनिटं आणि पाय उशीवर. बोटांचं म्हणशील तर आतलं रक्त खाली उतरतं, म्हणून काळी.

घाटवाट: तुमचं पुस्तकी. आमची हाडं त्यांनीच सांभाळली.

पाली_दरवाजा: गुंजवण्याकडे चोर दरवाज्याने उतरलास का? पालीकडून यायचं ना, पायऱ्या आहेत. बूट कुठले होते?

माईचा_बटवा: युरिक ॲसिड पण बघून घ्या.

निशिगंध: त्याचा पाय मुरगळलाय हो माई. भटक्या, पडल्या पडल्या ४ पावलं टाकता आली होती?

खादाड_भटक्या: तेव्हा नाही, दोघांनी धरून आणलं. बूट साधेच, सोल गुळगुळीत झालेले.

निशिगंध: हे आधी सांगायचं! आता बोटाने दाबून बघ, घोट्याच्या हाडाचं टोक आणि मागची कड, मग करंगळीच्या रेषेत मागे येत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर उंचवटा लागतो तो. हाडावरच कळ आली तर एक्सरे काढच. आणि एक्सरेत फक्त हाड कळतं, लिगामेंट नाही, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणून रविवारी निघू नकोस.

खादाड_भटक्या: घोट्याला ठीक आहे. कडेचा तो उंचवटा दाबला, आई गं. उद्या सकाळी जातो. ट्रेकचे पैसे परत मिळतात का हो?

पाली_दरवाजा: कुठला ट्रेक आहे? जागा रिकामी असेल तर मी येतो.